एका बाजूनं झिजलेला रुपया

फेबियन डाबरे एसटीत कंडक्टर होते, तेव्हापासून त्यांना झिजलेल्या नाण्यांचा नाद. जे नाणं घ्यायला प्रवासी नाक मुरडत, ते फेबियन स्वतःच्या खिशातून बदलून घरी आणत. निवृत्त झाल्यावर वसईतल्या त्यांच्या ओट्यावर, चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की कोणी ना कोणी रुमालात नाणं बांधून येऊन बसे. फेबियनचा पहिला प्रश्न ठरलेला, "घासलं नाहीस ना?" चिंच लावून लखलखीत केलेलं नाणं निघालं की त्यांचा चेहराच पडे. "अरे, तो काळपटपणा जपायचा असतो. त्यालाच तर किंमत!"

चंदनसारची अश्लेषा मात्र न घासलेला रुपया घेऊन आली. चांदीचा, राणीच्या चित्राचा, १८६२ सालचा. मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीत अशाच रुपयाला लाखांचा भाव पाहून ती हरखली होती.

"जाहिरातीचं सोड. हे साल पुष्कळ घरांतून निघतं," म्हणत फेबियननी भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं उजेडाकडे धरलं.

राणीचं नाक, केस, मुकुट, सगळं सपाट. उलटून पाहिलं तर वेलबुट्टी, अक्षरं, आकडे जसेच्या तसे. कडेचे बारीक दातेही शाबूत. हातोहात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं. हे एकाच अंगानं कसं झिजलं?

"गळ्यात घालत असतील," त्यांची बायको ॲनी चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"मग कडी जोडल्याची खूण हवी. भोकही नाही."

अश्लेषानं आईला फोन लावला. वसुंधराताई पलीकडून हसल्याच. "अगं, तो माझ्या बाबांचा तोळा! झाडपाल्याची औषधं त्यानंच तोलायचे ते."

जुना रुपया वजनाला एक तोळा भरतो, हे फेबियनना ठाऊक होतं. पण तागडीत झिजलेला रुपया त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांना राहवेना. दुसऱ्याच सकाळी आपल्याकडचा एक जवळजवळ कोरा रुपया खिशात टाकून ते चंदनसारला हजर.

वसुंधराताईंनी माळ्यावरून छोटा तराजू काढून ठेवला होता. पितळी पारड्यावर बारीक ओरखडे उमटलेले.

"पण ताई, राणी दरवेळी खालीच का?"

"बाबाच तसा ठेवायचे. म्हणायचे, औषध घेणाऱ्याला 'वन रुपी' वाचता आलं पाहिजे. म्हणजे वजनाची शंका नको."

फेबियननी एका पारड्यात तो रुपया ठेवला, दुसऱ्यात आपला. तराजू उचलला. काटा क्षणभर डुलला आणि कोऱ्या रुपयाकडे किंचित झुकून थांबला.

वसुंधराताई डोळे मोठे करून बघतच राहिल्या. "अगं बाई! म्हणजे शेवटी शेवटी बाबा औषध कमी द्यायचे?"

"चिमूटभर," फेबियन म्हणाले. "आणि त्यांच्याही नकळत."

"तरी लोक बरे होऊन जायचे!" वसुंधराताईंना हसू आवरेना.

"याची किंमत किती मग?" अश्लेषानं विचारलं.

"नाणी जमवणारा याला तळातला दर्जा देईल. विकलास तर चांदीच्या भावानं जाईल. माझं विचारशील तर असा दुसरा मी पाहिलेला नाही."

अश्लेषा रुपया बोटांत धरून राणीच्या सपाट गालावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं भिंगासाठी हात पुढे केला. "अंकल, ते कडेचे दाते कसे बघायचे, दाखवा ना."

फेबियननी खुर्ची तिच्या शेजारी ओढली.