पद्मजावहिनींचं पथ्यपाणी

पद्मजावहिनींकडे जेवायला बसायचं म्हणजे परीक्षेला बसायचं. पानात पाच रंग आहेत की नाहीत, हे त्या स्वतः वाकून बघणार. "स्वरूपा, तुझ्या ताटात लाल कुठाय? बीट घे." आपण मुकाट घ्यायचं. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत आम्ही एकाच मजल्यावर, दारासमोर दार, मुलं शाळेत होती तेव्हापासूनच्या शेजारणी. माझा उजवा हात आज धड पोळी तोडत नाही, तरी सांगते, त्या बाईसारखं माणूस मिळायचं नाही. त्यांच्या नवऱ्याबद्दल मात्र माझ्या तोंडून चांगला शब्द निघणार नाही. आधीच सांगून ठेवते.

वहिनी मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या तेव्हा हिंदीचा गंध नव्हता, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायच्या. अण्णासाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत, अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाले. त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बीपी वर, कोलेस्टेरॉल वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं वहिनींना एक शब्द दिला, अँटिऑक्सिडंट. "काकू, लोखंडाला गंज चढतो ना, तसं शरीराचं होतं. ते थांबवायचं तर रंगीबेरंगी खायचं, चालायचं, वेळेवर झोपायचं." झालं! वहिनींनी तो गंज जो मनावर घेतला, की विचारू नका.

थंडीत बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या. आवळे, डाळिंबं, ओली हळद, काळी गाजरं. बथुआ म्हणजे आपला चाकवतच, हे मला त्यांनीच दाखवलं. काळ्या गाजरांची कांजी, म्हणजे इकडचं आंबट पेय, आंबायला बरणीत भरून बाल्कनीतल्या उन्हात. तळण बंद, पांढरी साखर बंद. नोव्हेंबरात बाहेर धूर दाटला की अण्णासाहेबांना लिफ्टसमोरच्या कॉरिडॉरमध्येच फेऱ्या. आमच्या दारावरून त्यांच्या चपला फटाक फटाक जायच्या आणि आतून वहिनींचा आवाज यायचा, "अहो, थांबू नका!" आम्ही हसायचो. पण कौतुकही वाटायचं, कारण माणूस खरंच सुधारत होता. रिपोर्ट चांगले यायला लागले.

मग एक दिवस अण्णासाहेबांनी आम्हा सगळ्यांसमोर गोळ्यांच्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "बस झालं. आता हिच्या हातचं जेवण हेच माझं औषध." वहिनींचा चेहरा काय सांगू! आयुष्यभर नवरा मोठा साहेब आणि आपण घरात, असं जगलेली बाई ती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सर्टिफिकेट दिलं होतं.

त्यानंतर वहिनी थांबेनात. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांचं भाषण, वाण म्हणून घरची आवळासुपारी. बायका विचारायच्या, "खरंच एकही गोळी नाही?" की अण्णासाहेब दारातूनच छाती थोपटून म्हणायचे, "बघा ना माझ्याकडे!" नवऱ्यानं बायकोचं इतकं तोंडभरून कौतुक केलेलं आमच्यापैकी किती जणींनी बघितलं होतं? मला तर हेवा वाटायचा.

माझीही बीपीची गोळी होती, बरीच वर्षं. तिच्यानं पाय सुजायचे, वैताग यायचा. एकदा त्यांच्याच दिवाणखान्यात मी विषय काढला. वहिनी म्हणाल्या, "मी सांगते तसं खा, बघ तू." पण मी काही अगदीच भोळी नाही. समोर अण्णासाहेब संत्रं सोलत बसले होते, त्यांना मी सरळ विचारलं, "अण्णासाहेब, गोळ्या सोडल्यावर तुम्हाला काही त्रास झाला का हो?"

"बिल्कुल नाही," ते म्हणाले. "करून बघा." आणि संत्र्याची फोड माझ्या पुढ्यात केली.

मी गोळी सोडली. डॉक्टरांना विचारलं नाही, कशाला विचारू? जिवंत पुरावा समोर बसला होता. खाणंपिणं वहिनी सांगतील तसं, चालणं त्यांच्याबरोबर. अंगात हलकं वाटायला लागलं, ते खोटं नाही. बीपी मोजायचं मात्र मी सोडूनच दिलं होतं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी वेणी घालताना हातातून फणी पडली. उचलायला वाकले तर हातच पुढे येईना. सुजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला हाक मारली, ती तोंडातून भलतीच निघाली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाना तो आपका बहुत अच्छा है, यही रखिए. पर गोली किसने छुड़वाई?" मी वाकडं तोंड भिंतीकडे वळवलं. वहिनींचं नाव कसं घेणार?

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, डाळिंबाचे दाणे घेऊन. आधी रड रड रडल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "खरं सांग, तू बाहेरचं काहीतरी खात होतीस ना? चोरून? नाहीतर असं कसं होईल? यांना बघ की!" आणि मला, खरंच सांगते, शरम वाटली. सुजयच्या ऑफिसमधून आलेली मिठाई मी दोनदा खाल्ली होती. पडल्या पडल्या मी त्या मिठाईला दोष देत होते. अण्णासाहेब माझ्या पायथ्याशी उभे होते, मॉनिटरकडे बघत.

घरी आल्यावर थोडी चालायला लागले तशी सुजयबरोबर खालच्या मार्केटमध्ये औषध आणायला गेले. केमिस्ट भला माणूस. पाकीट पुढे करत मला धीर द्यायला म्हणाला, "आंटी जी, घबराइए मत. यही गोली तो आपके सामनेवाले अंकल जी बरसों से ले रहे हैं. एक दिन भी नहीं छोड़ते. देखिए, कितने फिट हैं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुजय म्हणत होता, "अगं, आधी घरी चल." मी लिफ्टमधून निघाले ती थेट समोरच्या घरात.

वहिनी जमिनीवर बसून बथुआ निवडत होत्या. अण्णासाहेब खुर्चीत, पेपर घेऊन. माझी जीभ अजून जड होती, एकेक शब्द ढकलत बोलले. "अण्णासाहेब, तुम्ही गोळ्या घेता. रोज. केमिस्टनं सांगितलं."

वहिनी हसल्याच आधी. "चल, काहीतरीच!" मग नवऱ्याकडे बघितलं आणि हसू तिथेच विरलं.

"दोनच दिवस सोडल्या होत्या," ते पेपरची घडी घालत म्हणाले. "मग भीती वाटली यार. परत सुरू केल्या. गाडीत ठेवतो. तू इतकी खूश होतीस, तुझं मन मोडवेना."

"माझं मन?" वहिनी म्हणाल्या. "ही इथे बसून तुम्हाला विचारत होती. तेव्हा कुणाचं मन राखलंत?"

"मला वाटलं, डॉक्टरांना विचारतीलच त्या."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. मी ओरडणार होते, पण ओरडायलाही तोंड सरळ लागतं. मी नुसती रडले. वहिनी माझ्याजवळ आल्या नाहीत. हात तसेच भाजीत, डोळे कुठेतरी लांब. मग एकदम म्हणाल्या, "कुसुमावतीबाई!"

दिल्लीतल्या द्वारकेच्या कुसुमावतीबाई. मंडळातल्याच, एकट्या राहणाऱ्या. हळदीकुंकवाचं भाषण ऐकून त्यांनीही वहिनींचा आहार धरला होता. वहिनींनी मातीच्या हातांनीच मोबाइल स्पीकरवर लावला.

"कुसुमावतीबाई, तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"छे हो, त्या कधीच बंद!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तुमच्या मिस्टरांनाच विचारलं होतं ना मी फोनवर. म्हणाले, बिनधास्त सोडा. म्हटलं, एवढा मोठा अधिकारी माणूस सांगतोय!"

वहिनींनी डोळे मिटले. मग उठून फोन नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. "सांगा त्यांना. खरं सांगा."

अण्णासाहेबांनी घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी. एवढं सगळं समोर दिसतंय, आता तरी हा माणूस बोलेल.

"नमस्कार, नमस्कार," ते म्हणाले, आणि आवाजात तेच जुनं हसू. "हो, मी एकदम ठणठणीत! नाही हो, तसं काही नाही. सवडीनं कधीतरी डॉक्टरांना दाखवून या, बस. शेजारी जरा आजारपण झालं ना, म्हणून आमची ही उगाच घाबरलीय."

वहिनींनी फोन काढून घेतला.

"कुसुमावतीबाई, मी पद्मजा. माझा नवरा खोटं बोलतोय. तो रोज गोळी घेतो, एक दिवस चुकवत नाही. तुम्ही आत्ता चपला घाला आणि डॉक्टरांकडे जा. मी फोन ठेवत नाही, तुम्ही दाराला कुलूप लावल्याचं मला ऐकू येऊ दे."