बोर्ड बंद होत नाही

"आधी रिसीव्हर नीट ठेवला का ते पाहा." कोणी फोनची तक्रार सांगायला लागलं की शेजारचे काका हवेतच दोन बोटांनी रिसीव्हर ठेवून दाखवायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली आणि निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटल्या, असं ते सांगत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत तेव्हा फोन होते तरी कितीजणांकडे म्हणा! पण सल्ला मिळायचाच.

रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारातलं सामान जमवून घरातल्या घरात टेलिफोनचा एक लहानसा बोर्ड उभारला. हौस म्हणून नव्हे. काकू मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या, आवाज पार बसलेला. काका पुढच्या खोलीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसायचे. काकूंनी उशाशी असलेल्या फोनचं बटण दाबलं की इकडे घंटी वाजायची. सगळं चालायचं ट्रकच्या एका जुन्या बॅटरीवर. दुपारी किल्ली फिरवून बोर्ड बंद करायचा आणि बॅटरी चार्जिंगला लावायची. मात्र कोणी बोलत असेल तर किल्ली फिरवूनही लाइन तुटणार नाही, अशी सोय त्यांनी मुद्दाम केली होती.

"चालू बोलणं कापू नये वं बाई," ते मला म्हणायचे. एक्स्चेंजमधली सवय, दुसरं काय.

एका उन्हाळ्यात तो बोर्ड बंदच होईना. किल्ली फिरवली तरी लाल दिवा पेटलेला. बॅटरी उतरत गेली आणि एका सकाळी घंटी वाजलीच नाही. काकू पाण्यासाठी बटण दाबत राहिल्या. काका सहज आत गेले तेव्हा काकूंचे ओठ कोरडे पडले होते. त्या दिवसापासून काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शाळेतून येताना मी रोज डोकावायचे. बोर्ड उघडून, घामानं निथळत, ते एकेक तार चाचपत असायचे. "थकलो वं बाई. काहून बंद नाही होऊन राह्यला, काही समजत नाही." मग बोर्डाशी भांडण, उन्हाशी भांडण, नळाला पाणी नाही म्हणून साऱ्या नागपूरशी भांडण. ऐकून ऐकून मीच थकायचे.

एकदा काकूंसाठी पन्हं घेऊन आत गेले. पाहते तर काय, उशीवर कानाशी रिसीव्हर, आणि त्यातून काकांची ती सगळी बडबड! बोर्डावरचा बोलायचा भोंगा, म्हणजे मायक्रोफोन, कायम चालूच असायचा. काकू ओशाळून हसल्या.

"दुपार सरता सरत नाही वं," त्या कशाबशा पुटपुटल्या. "त्यायची बडबड ऐकली का बरं वाटते मले."

मला राग आला. तुमच्यापायी तो माणूस तिकडे मरमर मरतोय, मी म्हणाले, आणि बॅटरी संपली तर घंटीही जाते, कळतं का? तडक जाऊन काकांना सांगितलं, रिसीव्हर उचललेला असतो, म्हणून बोर्ड बंद होत नाही. साऱ्या जगाला रिसीव्हर पाहायला लावणाऱ्या माणसानं घरातला तेवढा पाहिला नव्हता! मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"मले वाटलं, दुपारची झोपत असन," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या कॅरिअरला दुसरी बॅटरी बांधून घेऊन आले. आता एक गॅरेजात चार्जिंगला, एक घरात. आणि दुपारी पाहते तर गडी पुन्हा पेचकस घेऊन बोर्डापुढे! मला बोटानं गप्प बसायची खूण केली आणि मोठ्यानं सुरू झाले, नळाचं, उन्हाचं, गल्लीतल्या लग्नाचं. त्या उन्हात रोज ते ओझं वाहून माणूस अर्धा झाला. पण बडबड थांबली नाही.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. रामटेकला दिलेली त्यांची मुलगी काकांना न्यायला आली. निघताना त्यांनी किल्ली फिरवली आणि दिवा झटकन विझला. मग किल्ली पुन्हा चालू केली, मागच्या खोलीत जाऊन रिसीव्हर काढून उशीवर ठेवला आणि परत येऊन किल्ली बंद केली. दिवा तसाच राहिला. घराची चावी त्यांनी माझ्या हातात दिली.

"बंद नको करू वं बाई. बॅटरी संपली का आपोआप होईन."

पुढचे काही दिवस येताजाता खिडकीतून तो लाल ठिपका दिसायचा. मी आत गेले नाही. मग एका संध्याकाळी तो दिसला नाही.