सासरी वाढलेले मासे

किस्से टाकीतल्या गाळासारखे असतात. साचताना दिसत नाहीत. एक ढवळला की सगळेच वर येतात.

मी माशांच्या डोळ्यांवर पीएचडी करते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात लॅबचा कूलर बंद पडला. सर म्हणाले, "पिल्लं घरी ने. ती मोठी झाली तरच थिसिस. मेली तर पहिल्यापासून!"

जाम गावातल्या आमच्या घरी सगळ्यात गार कोपरा स्वयंपाकघरात, माठाजवळ. तिथे टब ठेवला. घर शुद्ध शाकाहारी! सासूबाई टबाकडे बघत म्हणाल्या, "लोकायच्या सुना माहेरून लोणचं आणतात, आमची मासे घेऊन आली! महिनाभर ठेवजो. मंग दुसरी जागा पाह्यजो."

मला तीन महिने हवे होते. मी "बरं" म्हटलं.

*

सासऱ्यांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "डोळ्यात पाह्यतं काय तू?"

"डोळ्यावरची काच, बाबा. कॉर्निया. पिल्लाच्या काचेत नसा मोजक्याच. मासा वाढतो तशी त्यांची जाळी दाट होते."

"म्हणजे वय वाढलं का जास्त टोचते?"

"तसंच काहीसं."

त्यांनी सासूबाईंकडे तिरका कटाक्ष टाकला. "त्याच्यासाठी मासे कशाले पायजे?"

त्या दिवशी त्यांना दुसरी पोळी मिळाली नाही.

*

नवरा रोज टबात डोकावायचा. "यायले पापण्याच नाई. झोपले का जागे, समजते कसं?"

"तुमचं समजतं तसंच. काम सांगायचं. हलले नाहीत, तर झोपले."

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. सासरी मी मोठ्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य!

*

सरांचा फोन स्पीकरवर होता. "मॅच्युअर व्हायला अजून किती वेळ?"

सासूबाईंनी लाटणं थांबवलं. "माशायले म्हणून राह्यले का सुनेले?"

*

महिना भरला. मी आंजी गावातल्या मैत्रिणीकडे टबासाठी जागा विचारून ठेवली. दुपारी कॉलेजातून आले, तर माठाजवळचा कोपरा रिकामा! सासूबाई विळीवर बसलेल्या, पदरानं डोळे पुसत.

"आई... टब?"

"देवघरात ठेवला."

"देवघरात? का?"

"कांदे चिरून राह्यली ना मी! लेकरं मोठी झाली आता, नसा दाट झाल्या त्यायच्या."