थांबलेली शिट्टी

आई आषाढात गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "झोपेत गेली, पुण्यवान बाई." मीही त्याच वाक्याचा आधार धरला होता. दम्यापायी तिच्या कित्येक रात्री बसून सरल्या होत्या. त्या पहाटे तिच्या छातीतली शिट्टी थांबली, तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून देवाचे आभार मानले, अखेर हिला झोप लागली म्हणून. आजारी माणसाची झोप मोडू नये, हा आमच्या घरचा नियम. उजाडल्यावर हाक मारली, तर अंग गार होतं.

त्यानंतर मी देवळाची पायरी चढलो नाही. धरणगावात आमच्या गल्लीच्या टोकाला नाना राहतात. कार्तिकात काकड आरतीला जाताना ते दारोदार कडी वाजवून लोकांना उठवतात. यंदा आमचं दार सोडा, असं मी त्यांना बजावलं होतं. थोरली बहीण अक्का माझ्याकडे असते. तिलाही आईचाच दमा. निदान तिची झोप तरी मोडू नये.

तरी एका पहाटे कडी वाजली. मी चिडून उठलो. अक्काच्या खाटेवरून येणारी शिट्टी थांबलेली होती, आणि मला बरंच वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. दार उघडलं, नानांच्या कंदिलाचा उजेड आत पडला, तेव्हा तिचे ओठ जांभळे दिसले. हलवलं तरी ती नीट जागी होईना. नानांनी टाळ ओट्यावरच टाकले आणि समोरच्यांना उठवून जीप काढायला लावली. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन, प्राणवायू, मग जळगाव. दुपारी अक्काने पाणी मागितलं.

तिथल्या डॉक्टरांना मी म्हणालो, कालच तपासलं होतं, छाती ठणठणीत होती. ते शांतपणे म्हणाले, "दिवसा ठणठणीतच दिसणार. अशा माणसाच्या श्वासनळ्या झोपेत आवळतात, पहाटे सगळ्यात जास्त. आणि शिट्टी थांबली म्हणजे आराम पडला असं नाही. कधी कधी वाजण्यापुरतीही हवा आत जात नाही."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. ज्या शांततेबद्दल मी देवाचे आभार मानले होते, ती काय होती ते मला त्या बाकावर कळलं.

बजावूनही कडी का वाजवली, असं मी नंतर नानांना विचारलं. ते ओशाळले. "इसरी गवू भाऊ. हात आपोआप गया." माझं बजावणं ते विसरूनच गेले होते.

त्या हाताला कोणी नेलं, याचा वाद मी घालत नाही. आता पहाटे चारला मीच अक्काला उठवतो, डॉक्टरांनी दिलेल्या, श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकायला लावतो, औषध देतो. ती रोज कुरकुरते, "सरणावर तरी झोपू देशील का रे?"

मग मी देवळात जातो. पूर्वी मी देवाकडे आईसाठी झोप मागत असे. काय मागावं हे मला कळत नाही, एवढं आता कळलं आहे. म्हणून नुसता हात जोडून उभा राहतो. आईचं नाव घेतो. आणि जाताना वाटेत नानांच्या आधी मीच शेजारची कडी वाजवतो.