अबू हैसमचा सढळ हात

अबू हैसमला कुणालाच नाही म्हणता येत नाही. सगळं ऑफिस ह्याला त्याचा चांगुलपणा म्हणतं. म्हणोत बापडे. मी खरेदी विभागात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तो चांगुलपणा रोज जवळून बघते. मला विचाराल तर हा माणूस एक नंबरचा भित्रा आहे.

तसा तो सॉल्ट गावचा, घरंदाज. त्याची गाडी कायम मेव्हण्याकडे असते आणि हा अम्मानचे सगळे चढउतार शेअर टॅक्सीत कोंबून घेऊन चढतो-उतरतो. मेव्हण्याने मागितली, मग हा काय करणार? लेकाच्या लग्नासाठी शिवलेला कोट त्याने पाहुण्याला देऊन टाकला, कारण पाहुणा म्हणाला, "वा, छान कोट." त्याची बायको उम्म हैसम अजून तो कोट विसरलेली नाही. कुणी काहीही मागितलं की ह्याचं बोट उजव्या डोळ्याकडे जातं, "माझ्या डोळ्यांवर!" म्हणतो, म्हणजे तुमचा शब्द शिरसावंद्य, आणि देऊन मोकळा होतो. पुढचं निस्तरायला इतर लोक असतातच.

बरं, असला माणूस कोट आणि गाड्या वाटत राहिला असता तर माझं काय जात होतं? पण कंपनीने त्याच्या हातात सर्व्हर दिले.

आमची कंपनी हॉस्पिटलांना औषधं पुरवते. ऑफिसच्या तळघरात एक मोठं मशीन आहे. त्या एकाच मशीनचे आतल्या आत वाटे घालून अबू हैसमने प्रत्येक विभागाला, प्रत्येक शाखेला एकेक विंडोज सर्व्हर करून दिलाय. आम्ही आपापल्या टेबलावरून आणि शाखांवाले इर्बिदहून, करकहून, अकाबाहून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरतो. माउस करकमध्ये हलतो, काम अम्मानच्या तळघरात होतं. म्हणजे व्हायला पाहिजे.

सुरुवातीला नीट चाललं होतं. मग हिशेबवाल्यांनी कुरकुर केली, तर ह्याने त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर दोनाचे चार केले. ते कळल्यावर विक्रीवाल्यांचं तोंड फुगलं. त्यांना सहा. मग हिशेबवाले काय कमी आहेत? त्यांना आठ. आमचे डायरेक्टर उस्ताद बुर्हान, त्यांना सोळा, कारण ते उस्ताद. त्या सोळा प्रोसेसरांवर उस्ताद सकाळी हवामान बघतात. आणि जसजसं हे वाटप वाढत गेलं तसतसं सगळ्यांचंच काम रखडायला लागलं.

ज्यांनी मशीन विकलं त्यांचा माणूस एकदा तपासायला आला होता. माझ्यादेखत त्याने अबू हैसमला समजावलं. म्हणाला, "हॉटेलात आठ जणांचं कुटुंब आलंय आणि एकदम आठ खुर्च्या रिकाम्या झाल्याशिवाय बसणार नाही म्हणतंय. मागे आणखी सोळा जणांचं उभं. आत दोन-चार खुर्च्या रिकाम्या पडल्यात आणि दारात ही गर्दी! तुमचे सर्व्हर काम करतच नाहीत, नुसते ताटकळतायत. सगळ्यांना दोन-दोन ठेवा. उस्तादांनासुद्धा. आजच पळायला लागेल." अबू हैसमने त्याला वेलदोड्याची कॉफी पाजली, दारापर्यंत पोचवला आणि परत येऊन ढिम्म बसला.

"अहो, कमी करा ना!" मी म्हटलं.

"सित्त नजाह," तो मला अशीच, बाई लावून, हाक मारतो, "दिलेलं परत घेऊ? जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट ओढायचं? आमच्यात असलं कुणी केलेलं नाही."

"जेवतंय कोण, अबू हैसम? सगळे दारात उभे आहेत!"

तो हसला आणि त्याने मलाही कॉफी ओतली.

आता करकची रुवैदा. करक शाखेत ऑर्डरी घालायला ती एकटी. नवरा फॉस्फेटच्या खाणीत पाठ मोडून घरी पडलेला, सगळं घर तिच्या पगारावर. जिभेची तिखट, पण कामाला वाघ. तिने फोन केला, की स्क्रीन अडकतो, कळ दाबली तर अक्षर उमटायला वेळ लागतो. झालं! अबू हैसमच्या अंगात वैद्य संचारला. आधी तिला नवा माउस पाठवला. मग केबल बदलली. मग सांगितलं, मागचं चित्र काढा, स्क्रीन हलका होतो. तिने नातवाचा फोटो लावला होता, तो गेला. मग रंग कमी केले, तर औषधांच्या यादीतला लाल आणि तपकिरी एकच दिसायला लागला. सगळं करून झाल्यावर, बिचारी फारच कळवळतेय म्हणून, तिच्या सर्व्हरचे प्रोसेसर दोनाचे आठ केले.

"अबू हैसम," ती फोनवर ओरडली, मला इकडे ऐकू आलं, "तुम्ही मदत करायच्या आधी बरं होतं हो!"

मग ती बाई करायची काय? एक कळ दाबायची आणि स्क्रीन हलेपर्यंत मांडीवर मुलूखियाच्या भाजीची जुडी घेऊन पानं खुडायची. रिकामं बसवत नाही तिला. शाखेतल्या कुणा शहाण्याने तिचा फोटो काढून उस्तादांना पाठवला. टेबलावर भाजीचा ढीग, मागे थांबलेला स्क्रीन. उस्तादांनी तो फोटो सगळ्या विभागप्रमुखांना दाखवला. "करकच्या ऑर्डरी उशिरा का येतात ते कळलं? बाई ऑफिसात भाजी निवडते!" आणि रमजान संपल्यावर करकची जागा बंद करायची, काम इर्बिदला द्यायचं, असं ठरवून टाकलं. फक्त एकदा बैठक घेऊन तिचं ऐकून घ्यायचं, म्हणजे अन्याय केला असं कुणी म्हणायला नको.

बैठकीच्या सकाळी मी अबू हैसमला जिन्यात गाठलं.

"आज बोला. ताटं ओढू नका, कुणाचं काही काढू नका. फक्त एवढं म्हणा की चूक तिची नाही, मशीनची आहे."

"म्हणतो ना."

"नक्की?"

त्याने बोट डोळ्याला लावलं. "माझ्या डोळ्यांवर!"

रुवैदा पहाटेच्या बसने आली होती. चांगला भरतकामाचा झगा घालून, ताठ बसली होती. उस्तादांनी फोटो पुढे सरकवला. ती म्हणाली, "भाजी माझीच आहे. स्क्रीन तुमचा आहे. तो का थांबलाय ते ह्यांना विचारा." आणि तिने सरळ अबू हैसमकडे हात केला.

उस्ताद वळले. "काय हो? करकच्या सर्व्हरला काही कमी आहे का?"

अबू हैसमने घसा खाकरला. उस्तादांकडे बघितलं, त्यांच्या सोळांकडे बघितल्यासारखं. मग म्हणाला, "कमी? अजिबात नाही, उस्ताद. मी स्वतः त्यांना आठ दिलेत. हिशेबवाल्यांइतके."

"म्हणजे आठ असून ही तऱ्हा!" उस्ताद म्हणाले.

मी उठले. म्हटलं, "उस्ताद, आठ आहेत म्हणूनच तर! मशीनवाला सांगून गेलाय, मी कानांनी ऐकलंय. विचारा ह्यांना."

"खरं का हे, अबू हैसम?"

आणि तो माणूस, रोज माझ्या शेजारी बसून माझी कॉफी ओतणारा, हसून म्हणाला, "सित्त नजाह मनाने फार चांगल्या आहेत."

बस्स. एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नाही, म्हणून मला जास्त किळस आली. रुवैदाने पिशवी उचलली. त्याच्यासमोरून जाताना थांबली आणि म्हणाली, "तुमचा पाहुणचार पुरला मला, अबू हैसम."

ईदनंतर करकचा सर्व्हर बंद झाला. आणि काय सांगू! त्याचे आठ मोकळे झाल्याबरोबर सगळ्या ऑफिसचे स्क्रीन सुटले. खिडक्या टकाटक उघडायला लागल्या. उस्ताद आपल्या खोलीतून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंत? सगळ्यांना मागे कोण खेचत होतं ते?" अबू हैसमच्या पाठीवर थाप मारली. त्याने ती थाप घेतली. दुपारी हिशेबवाल्यांचा प्रमुख गोड हसत आला, करकचे आठ आता मोकळेच आहेत ना म्हणून. बोट लगेच डोळ्याकडे! दुसऱ्या दिवशी माझा स्क्रीन होता तसा पुन्हा रखडला.

त्याच दिवशी रुवैदाचा फोन आला. तिच्यापर्यंत बातमी पोचली होती. नेहमीचा तिखटपणा आवाजात नव्हता.

"नजाह, खरं सांग. मी गेले आणि सगळं पळायला लागलं म्हणतात. म्हणजे मीच मंद होते का गं?"

माझं डोकंच फिरलं. मी फोन अबू हैसमच्या पुढ्यात धरला. "घ्या. सांगा तिला. इथे उस्ताद नाहीत, कुणी नाही. तिला एकटीला सांगा."

त्याने फोन घेतला. पलीकडे ती "हॅलो, हॅलो" करत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, आणि मला त्याची दया आली नाही.

"रुवैदाबहीण," तो शेवटी म्हणाला, "काहीही लागलं तर मला सांगायचं. माझ्या डोळ्यांवर."