खो देणाऱ्यानं बसायचं असतं

"चप्पल."

एवढाच शब्द. आमच्या कॉलेजचं मैदान सांभाळणारे मामा कडेला चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन उभे असायचे आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता सरळ त्याच्या पायांकडे बघायचे. मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर तपासणीला आलेला कुणी मोठा पावणा. पायातलं काढायचं, हातात घ्यायचं आणि मगच मैदानात पाऊल टाकायचं.

एकदा आमच्या संस्थेचे चेअरमन नवेकोरे बूट घालून, मागं दहाबारा माणसं घेऊन तरातरा निघाले होते. मामा आडवे आले. "सायेब, बूट."

"मी कोण आहे माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की. म्हणून तर सायेब म्हणालो. बूट."

पण चेअरमन हसले, खाली वाकले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. तेव्हापासून ते मैदानाच्या कडेला आले की आपोआप थांबायचे आणि वाकायचे. तेवढी एक सवय त्यांना मामांनी लावली. दुसरी कुठली चांगली सवय त्यांना कुणी लावू शकलं नाही.

तुमच्याही कॉलेजात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि ज्याचं हजेरीपटावरचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मी तिथं हेडक्लार्क होतो, त्यामुळं मला ठाऊक होतं. पण इथं लिहीत नाही. त्यांचं नाव घ्यायचा माझा हक्क गेला.

मामा गडमुडशिंगीहून सायकलवर यायचे. फाटकाशी सायकल लावायची, जाड तळाच्या कोल्हापुरी चपला काढून हातात घ्यायच्या, आणि मग दिवसभर अनवाणी. फाटकापासून ऑफिसपर्यंतची वाट मैदानातूनच होती, म्हणून ऑफिसातही अनवाणीच. मी त्यांना पायात चपला घातलेलं कधी पाहिलंच नाही. एक काथ्याची दोरी मात्र कायम खांद्यावर असायची. तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या, आणि त्या गाठींवर सगळी मैदानं आखलेली: धावपट्टी, कबड्डी, खोखो. नवे क्रीडाशिक्षक आले ते हौसेनं टेप घेऊन आले. टेपनं मोजलं, दोरीनं मोजलं, दोन बोटांचा फरक आला. मामा शांतपणे म्हणाले, "टेप बगा जरा, सर." टेपचं सुरुवातीचं टोकच तुटलेलं निघालं. त्यानंतर तो टेप आम्ही ऑफिसात पडदे मोजायला वापरला.

मामांचा जीव होता मुलींच्या खोखोवर. ज्यांनी खोखो खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आठजणी मधल्या पट्टीवर रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते. ती मागून येऊन जिच्या पाठीला हात लावते आणि 'खो' म्हणते, तिनं उठून पळायचं. आणि खो देणारीनं तिच्या जागी बसायचं. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुरे झालं.

त्या संघाची कॅप्टन हातकणंगल्याची. पहाटेच्या गाडीनं यायची आणि सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी, "आलो मामा!" असं फाटकातूनच ओरडायची. घरच्यांचं तिला स्पष्ट सांगणं होतं: राज्याच्या संघात निवड झाली तर पुढं शिक, नोकरीचं बघ, नाहीतर स्थळं बघायला घेतो. मामांना हे माहीत होतं. तिच्यासाठी ते मैदान सकाळी दोनदा झाडायचे आणि त्यावर पाणी मारायचे. "पोरीच्या पायाला खडा लागला न्हाय पायजे," म्हणायचे.

मग संस्थेनं ठरवलं की त्याच मैदानावर बंदिस्त क्रीडा हॉल बांधायचा. आता मोठे सामने मॅटवर होतात, मातीवर सराव करून आपल्या पोरी मागं पडतात, हे कारण खरंच होतं. नकाशा माझ्या टेबलावरूनच गेला. त्यात खोखोचं मैदान आखलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मामांनाही दाखवलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मॅट येणार? पावसात बी खेळणार पोरी? लई भारी की, भाऊसाहेब!"

पण पोरी शहाण्या निघाल्या. जेसीबी आला त्या सकाळी आठजणी मधल्या पट्टीवर जाऊन बसल्या. आडव्यातिडव्या नव्हे, अगदी खोखोला बसतात तशाच, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. कॅप्टन खांबाला टेकून उभी. प्राचार्य म्हणाले, उठा. चेअरमन म्हणाले, उठा. कुणी हललं नाही. "आधी दुसरं मैदान द्या, मग खणा," एवढंच त्यांचं म्हणणं. जेसीबीवाला विडी ओढत मजा बघत होता.

चेअरमननी मला बाजूला घेतलं आणि मी मामांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मामा, वर्षाचं काम आहे. नकाशा तुम्ही बघितलाय. पोरी तुमचं ऐकतील." हे बोललो तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. तेवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

मामा अनवाणी मैदानात गेले. पहिल्या पोरीच्या मागं उभे राहिले, तिच्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, "खो." ती उठली. प्राचार्यांचं न ऐकणारी पोर मुकाट्यानं उठली. मग दुसरी. मग तिसरी. असं करत आठही उठल्या. शेवटी कॅप्टन पुढं आली. डोळे लाल झाले होते तिचे.

"मामा, खो देणाऱ्यानं बसायचं असतंय."

"बसतो की," मामा म्हणाले. "एका वर्सात हॉल न्हाय झाला, तर मी हितं येऊन बसतो. शबूद हाय माजा."

दुपारपर्यंत मैदान गेलं.

आणि मग काय? आपल्याकडं जे होतं तेच. खड्डा खणून झाला आणि ठेकेदार व संस्था यांचं फाटलं. ते मिटतंय तोवर संचालकांतच दोन गट पडले. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं स्टे आणायचा. खड्ड्यात पाणी साठलं, बेडकं झाली, आजूबाजूच्या म्हशी येऊन खुशाल डुंबायला लागल्या. मामा खड्ड्याच्या कडेकडेनं अनवाणीच फिरायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "आता घाला की चपला, मैदान कुठं राहिलंय?" ते म्हणाले, "हाय की खाली. गेलंय कुठं?"

पोरी पार्किंगच्या सिमेंटवर सराव करायला लागल्या. सिमेंटवर खोखो! कुणाचे गुडघे सोलले, कुणाचे कोपर. कॅप्टनचा गुडघा असा दुखावला की निवड चाचणीला ती लंगडतच गेली. निवड झाली नाही. थोड्याच दिवसांत दाखला न्यायला माझ्या टेबलापुढं उभी राहिली. लग्न ठरलं होतं. मामा दारातच होते. ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही खो दिला म्हणून उठलो आम्ही. दुसऱ्या कुणासाठी उठलो नसतो." रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "येतो मामा," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. वर्ष उलटून गेलं होतं. हातात फलक नाही, घोषणा नाही. नुसते बसले, खोखोला बसतात तसे, ऑफिसकडं पाठ करून. सगळा दिवस. पुन्हा दुसऱ्या दिवशी. कुणीतरी फोटो काढला आणि तो सगळ्या कोल्हापुरात फिरला. तिसऱ्या दिवशी चेअरमनचा मला फोन. "तू जा. तुझं ऐकतोय तो. काम सुरू होतंय म्हणून सांग."

काम सुरू होणार होतं, हे खरं. पण कसलं? त्याच आठवड्यात मी ठराव टाइप केला होता. 'क्रीडा हॉल' हे शब्द काढून 'बहुउद्देशीय सभागृह' घातलं होतं. नव्या नकाशात खोखोचं मैदान नव्हतं. स्वयंपाकघर होतं. वधूपक्षाची खोली होती. दोन्ही गटांचं एकमत झालं होतं ते या गोष्टीवर. मला सगळं माहीत होतं. माझी सून त्याच संस्थेच्या शाळेत होती आणि ती कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण असतं तर इतकी वर्षं रात्रंदिवस मनाला लागून राहिलं नसतं.

मी गेलो. म्हटलं, "मामा, उठा. मिटलं सगळं. हॉल होतोय."

त्यांनी मान वर केली. "पोरींचा?"

"पोरींचाच."

"तुम्ही सांगतासा म्हणून उठतो," ते म्हणाले. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "पर असं न्हाय. खो द्या की."

मी मागं गेलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा उन्हानं तापला होता. मी म्हटलं, "खो."

मामा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आता तुम्ही बसायचं, भाऊसाहेब." चेष्टाच होती. मीही हसलो. आणि ऑफिसात निघून गेलो.

बांधकाम मात्र पुढं झपाट्यानं झालं. लग्नाच्या हॉलला कुणाचा स्टे येत नाही. खांब उभे राहिले तेव्हा एक दिवस मामा दोरी घेऊन आत शिरले. मी खिडकीतून बघत होतो. या खांबापासून त्या खांबापर्यंत गाठी मोजल्या, मग आडवं, मग पुन्हा उभं. टेपचं टोक तुटलं होतं तसं काहीतरी आपलंच चुकतंय असं वाटून त्यांनी तीनदा मोजलं. मग माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले.

"भाऊसाहेब, मधी खांब येतोय. खोखो बसत न्हाय त्यात. कबड्डी बी बसत न्हाय. ते खेळायला न्हाय. जेवायला बांधलंय."

मी कागद चाळायला लागलो.

"तुमाला म्हाईत हुतं?"

तोंडात गुळणी धरून बसता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्या माणसाच्या पायांकडं नजर गेली, सिमेंटच्या धुळीनं पांढरे झालेले अनवाणी पाय, आणि मी म्हणालो, "होय."

"मी खाली बसलोतो तवा बी?"

"होय, मामा."

त्यांनी खांद्यावरची दोरी काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मोजमापाचं सामान ऑफिसात जमा करायचं असतं ना, तशी. निवृत्तीला त्यांचे थोडे महिने राहिले होते. त्या महिन्यांत आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. 'भाऊसाहेब' म्हणणं त्यांनी सोडलं आणि सरळ 'क्लार्कसाहेब' म्हणायला लागले.

हॉलचं उद्घाटन एका संचालकाच्या घरच्या लग्नानंच झालं. मामा तोवर निवृत्त झाले होते, पण चेअरमननी शाल-श्रीफळासाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मामा आले. हॉलच्या पायऱ्या पूर्वी मैदानाची कड होती बरोबर तिथं होत्या. मामा पायऱ्यांशी उभे, चपला हातात. चेअरमन आले, पायऱ्यांपाशी सवयीनं थांबले, खाली वाकले आणि नाडी सोडायला लागले. एवढ्या माणसांत!

"ऱ्हाऊ द्या, सायेब," मामा म्हणाले. "घाला बूट. आता काय हाय हितं?"

मग त्यांनी हातातल्या चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि पायऱ्या चढले. त्या चपला करकरतात हे मला त्या दिवशी कळलं. चकचकीत फरशीवरून, जरीच्या साड्या आणि फेट्यांच्या मधून, करकर वाजवत मामा सरळ पलीकडच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. शाल घेतली नाही. पंगतीला थांबले नाहीत.

मीही आता निवृत्त आहे. सून कायम झाली. तिला यातलं काही माहीत नाही.

गेल्या महिन्यात धीर करून गडमुडशिंगीला गेलो. दोरी बरोबर घेतली होती, निवृत्त होताना ती मी ऑफिसात ठेवली नव्हती. मामी अंगण झाडत होत्या. मला ओळखून त्यांनी पदर सावरला.

"रानात गेल्यात," म्हणाल्या.

उंबऱ्याशी चपला होत्या. त्याच. रानात अनवाणी गेले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात आत कुणीतरी खाकरलं. मामींनी मान खाली घातली.

"बसतो जरा," मी म्हणालो. त्यांनी खुर्ची आणली, ती नको म्हटलं. दोरी उंबऱ्यावर ठेवली आणि अंगणात उकिडवा बसलो, तोंड रस्त्याकडं, पाठ दाराकडं. माझे गुडघे कामातनं गेलेत, तरी बसलो. मामींनी शेजारी चहा आणून ठेवला. मागं एकदा दार वाजलं. मी वळून बघितलं नाही.

तासभर झाला. पाठीवर हात काही पडला नाही.