ड्रमातलं पाणी

लग्न होऊन मी धनजला आले, तेव्हा सासूनं पहिल्या आठवड्यात मला तीन गोष्टी शिकवल्या. चूल कशी पेटवायची, सासऱ्यांचा चहा कधी टाकायचा आणि विहिरीवर शेजारचा देवमन आला की तोंड फिरवून कसं उभं राहायचं. चूल आणि चहा मला माहेरीच येत होतं. तोंड फिरवणं नवीन होतं.

"मंजे पदर घ्यायचा का?" मी विचारलं.

"पदर नाही वो. त्याच्याकडं पाहाचंच नाही," सासू म्हणाली. "पाहिलं, अन् उद्या लिलानं इचारलं, तं काय सांगशीन? आपण पंचशील घेतलं ना? खोटं बोलता येते का? मंग पाहिलंच नाही तं खोटं बोलाचं कामच नाही."

माझी सासू भागिरथाबाई. वस्तीतल्या भल्याभल्यांना तिनं गप्प बसवलं होतं. तिची ही युक्ती ऐकून मला हसू आलं होतं. पुढे सगळं कळलं आणि हसू पळालं.

लिलाबाई आमच्या शेजारची. काळीसावळी, उंच, तोंडानं फटकळ. तिला गंगू नावाची मुलगी होती. मी काही तिला पाहिलं नाही, पण वस्तीतल्या बाया सांगायच्या की पोरगी भारी बोलघेवडी, विहिरीवर गेली की पाण्यात वाकून आपल्याच आवाजाशी भांडायची. एकदा लिलाबाईला ताप होता. उठवेना, म्हणून तिनं नऊ वर्षांच्या गंगूला पाण्याला पाठवलं. बादली वर आली नाही आणि गंगूही आली नाही.

ती विहीर म्हणजे वस्तीचा जीव. छप्पनच्या दीक्षेनंतर गावच्या विहिरीवर ताटकळत उभं राहायचं नाही, असं ठरवून आपल्याच माणसांनी ती खणली होती. देवमननं, म्हणजे लिलाबाईच्या नवऱ्यानं, तिच्यात पहार चालवली होती. पाणी असं गोड लागलं, की गावातले पाटीलसुद्धा ओळख काढून चौकशी करू लागले. ती विहीर सोडायची कशी? पोरगी गेल्यावर लोकांनी पाणी उपसलं, गाळ काढला, महिनाभर थांबले आणि पुन्हा प्यायला लागले. दुसरं पाणी होतंच कुठं?

लिलाबाई मात्र प्यायली नाही. ती दूरच्या शेतातून हंडे वाहायची. विहिरीचा रहाट करकरला की कानात बोळे घालायची. एकदा बाया पाणी भरत होत्या, तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"प्या, प्या. माही पोर पिऊन राह्यले तुमी."

सासू सांगायची, त्या दिवशी वस्तीत कुणाच्या घरी घास गिळवला नाही. लिलाबाईनं तिथंच शब्द दिला, की त्या विहिरीचं पाणी आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं वस्तीच्या टोकाला हापशी बसवली. लिलाबाईला वाटलं, सुटले. पण हापशीचं पाणी जड. भांड्यांवर पांढरे थर चढायचे, साबण लावला की फेसाऐवजी दह्यासारखं काहीतरी फुटायचं, आणि तुरीची डाळ दोन तास शिजवली तरी दातांखाली कचकच करायची. डाळ-भाकरीवर जगणाऱ्या माणसाची डाळच शिजेना, तर त्यानं खायचं काय? लिलाबाई सहा महिन्यांत निम्मी झाली. पोट धरून बसायची, पण विहिरीकडे पाहायची नाही.

देवमन कारंज्याच्या कापसाच्या जिनात बॉयलरवर कामाला होता. बॉयलरला जड पाणी चालत नाही. आतून थर धरतो. म्हणून तिथं पाणी नरम करायची टाकी होती, तिच्यात मोहरीएवढे तांबूस दाणे. पाणी त्या दाण्यांतून गेलं की त्याचा जडपणा दाणे धरून ठेवतात. धरून धरून थकले, की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं, मग पुन्हा ताजे. जिनात दाणे बदलले तेव्हा जुने उकिरड्यावर जायचे होते. देवमननं ते पोत्यात भरून घरी आणले, तेलाचा एक ड्रम घासूनपुसून घेतला, बुडाला तोटी बसवली, आत खडी, वर वाळू, त्यावर दाणे. आणि पहिल्यांदा त्या ड्रमाच्या पाण्यात डाळ टाकली, तशी ती चुलीवर फुटून मऊ झाली. लिलाबाई वाटी घेऊन घरोघर दाखवत फिरली. शिजलेली डाळ दाखवायला फिरलेली बाई मी दुसरी ऐकलेली नाही.

ड्रम भरायचं काम देवमननं स्वतःकडे ठेवलं. खांद्यावर कावड, दोन्हीकडे पत्र्याचे पिपे. बाप्याची जात पाणी भरते म्हणून गावानं खूप चेष्टा केली. "देवमनभाऊ, आता कुंकू बी लावा," असं म्हणायलाही लोकांनी कमी केलं नाही. तो हसायचा. लिलाबाई निंदायला शेतात गेली की कावड घेऊन निघायचा.

एक वर्ष तो हापशीवर गेला. मग विहिरीवर जायला लागला.

दाणे मेले होते, कितीही मीठ पाजलं तरी हापशीच्या पाण्याचा जडपणा धरेनात. हे त्यानं फक्त माझ्या सासूला सांगितलं, आणि सासूनं साऱ्या वस्तीला तोंड फिरवायला शिकवलं. जिच्या तोंडून 'माही पोर पिऊन राह्यले' हे ऐकलं, तिच्यासाठी त्याच बाया रोज पाठ करून उभ्या राहायच्या. कुणी हंडा भरता भरता थांबायची, कुणी कडेवरच्या पोराचंही तोंड हातानं वळवायची. रहाट करकरायचा, पिपे भरायचे, पावलं दूर जायची, मग आम्ही वळायचो. मी आले तेव्हा हे असंच चाललेलं होतं.

तोंडून काही निसटेल म्हणून मला त्या घरात जायला भीती वाटायची. ड्रम ओसरीत, सावलीत. तोटीतून रांजणात थेंब पडत राहायचा, टप्, टप्. लिलाबाई बोलता बोलता थांबायची, कान द्यायची.

"हे पाणी कसं थंड लागते पाय," एकदा ती म्हणाली. "हापशीचं तं असं लागत नाही."

"लोखंड हाय ना," देवमन म्हणाला. "लोखंडात थंडच राह्यते."

दुसऱ्यांदा तिला ड्रमात निंबाचं पान सापडलं. हापशीजवळ झाड नाही. निंब आहे तो विहिरीवर. ती ते पान तळहातावर घेऊन किती तरी वेळ बसली. देवमन म्हणाला, वाऱ्यानं आलं असेल. तिनं मान डोलावली, पण मला हळूच म्हणाली, "कवा कवा वाटते, ह्या ड्रमात कोणी हासून राह्यलं. आपण भूत मानत नाही ना, म्हून कोणाले सांगत नाही." मी घरी येऊन सासूला सांगितलं, तर ती चुलीकडे तोंड करून रडत बसली.

दर बाजाराच्या दिवशी देवमन खडे मीठ आणायचा आणि मेलेल्या दाण्यांना पाजायचा. सगळं रीतसर. आणि सगळं लिलाबाईला समोर बसवून शिकवायचा. झाकण काढायचं. बांबूनं दाणे खालवर करायचे. गढूळ पाणी वाहू द्यायचं. मीठ बादलीत विरघळवून फडक्यातून गाळायचं, हळूहळू ओतायचं, आणि चुलीवर भाकरी होईपर्यंत तसंच ठेवायचं. मग धुवायचं, जिभेला खारट लागेनासं होईस्तोवर. शेवटी बाटलीत पाणी घेऊन साबणाचा चुरा टाकायचा आणि हलवायचं. फेस आला, की झालं.

"फेस नाही आला तं?" लिलाबाई विचारायची.

"तं मिठाचं पाणी आणखी एकडाव देजो," तो म्हणायचा. "रागावजो नको त्याच्यावर."

मला त्या माणसाचा राग यायचा. अजूनही येतो. सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून.

अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या छातीत पाणी झालं. अंथरुणाला खिळला, तेव्हा ड्रम आमचे हे भरायचे, विहिरीवरूनच. मग तो गेला. तेराव्या-बिराव्याची आमच्यात भानगड नाही. वंदना झाली, लोक पांगले, आणि दुसऱ्या दिवशी लिलाबाईनं कावड उचलली.

"राहू दे, लिला," सासू म्हणाली. "पोरगा भरून देईन."

"नाही भागिरथाबाई. आता हे माहं काम."

ती हापशीवर गेली. सासू दारात उभी राहून पाहत राहिली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा?

चार दिवसांत डाळ कचकच करायला लागली. लिलाबाईनं मीठ आणलं. बांबू घातला, पाणी सोडलं, मिठाचं पाणी ओतलं, भाकऱ्या थापल्या, धुतलं, चाखलं. बाटली हलवली. फेस नाही. पुन्हा मीठ दिलं. फेस नाही. तिसऱ्यांदा दुप्पट दिलं. मिठानं तिच्या बोटांना चिरा पडल्या आणि त्या चिरांतून रक्त येऊ लागलं. ड्रमाच्या अंगाला कान लावून ती बसायची आणि बोलायची, "काहून रुसले? म्या काय चुकवलं? तुमी सांगलं तसंच करून राह्यली ना." मी भाजीची वाटी घेऊन गेले की तशीच बसलेली असायची, आणि म्हणायची, "हासनं बी बंद झालं वो. दोघंबी गेले."

मला सहन होईना. "दाणेच खराब झाले असतीन," मी म्हणाले. "जिनात जाऊन दाखवू." एवढंच मी बोलू शकत होते. ते खोटं नव्हतं.

पदरात मूठभर दाणे बांधून ती माझ्याबरोबर कारंज्याला आली. देवमनच्या हाताखालचा गोपीचंद फिटर भेटला. त्यानं दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं दाबले. त्यांचं पीठ झालं.

"हे तं कवाचेच मेले, वहिनी," तो म्हणाला. "देवमननं नेले तवाच अर्धे मेले होते. वर्षानं नवे मागाले आला, पण मालकानं नाही देल्ले. इथीच बसून रडला होता तो. तुमाले नाही सांगलं?"

लिलाबाईनं पदरातले उरलेले दाणे मुठीत चुरडले. हातावरचं पीठ झटकलं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. धनज जवळ आलं तेव्हा एकदाच म्हणाली, "निंबाचं पान." मी मान खाली घातली.

घरी गेली नाही. गेली ती फक्त ओसरीपर्यंत, कावड उचलायला. तशीच खांद्यावर टाकून विहिरीकडे निघाली. मी मागं मागं. दिवस कलायचा होता, विहिरीवर सात-आठ बाया होत्या. माझी सासूही होती. कावडीच्या पिप्यांचा तो खणखण आवाज आला, आणि बायांना कुणाला पाहायचीही गरज पडली नाही. वर्षानुवर्षांची सवय. सगळ्यांनी तोंडं फिरवली.

लिलाबाई थबकली. एकेका पाठीकडे पाहत राहिली. कुणी तिला काही सांगायची गरज उरली नाही. कावड खाली ठेवली ती अशी, की पिपे वाजू नयेत.

"बाई," ती म्हणाली, "किती वर्सं उभ्या राह्यल्या वो अशा?"

तिचा आवाज ऐकून बाया दचकून वळल्या. सासूच्या डोळ्यांना धार लागली. "लिला, आमी पाह्यलं नाही, खरंच पाह्यलं नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

लिलाबाईनं दोर धरला. चिरांना तो झोंबत असणार, पण तिनं सोडला नाही. रहाट करकरला आणि या वेळी तिनं कान झाकले नाहीत. बादली वर आली. वाकून तिनं विहिरीत पाहिलं, खूप वेळ. मी पुढं होऊन तिचा पदर धरला. मला भलतीच भीती वाटली होती. तिनं माझा हात सोडवला, ओंजळ भरली आणि प्यायली.

"तसंच थंड," ती म्हणाली.

मग आमच्याकडं वळली, तोंडावरून पाणी ओघळत होतं.

"माही पोर घरातच होती की वो," ती म्हणाली. "इतकी वर्सं. रोज माह्या हातानं डाळ शिजवून घेत होती. अन् म्या तिले एकडावबी हाक नाही मारली."

आणि तिथंच काठावर बसून, विहिरीत तोंड घालून तिनं हाक मारली. "गंगू!"

विहिरीनं ती तशीच परत दिली. आमच्यातल्या एकीनंही तोंड फिरवलं नाही.